मथुराने घेतली म्हणजे ताजी

अंजनवेलच्या बंदरावर सकाळी होड्या लागल्या की बायका आधी मासळीकडे बघत नसत. आधी मथुराकडे बघत. मथुरा वाकली, एखादा मासा उचलला, कल्ला उघडून नाकाशी नेला आणि आपल्या टोपलीत टाकला, की मग बाकीच्यांचे हात सुटायचे. ‘मथुराने घेतली म्हणजे ताजी,’ एवढं कोणी म्हटलं की विषय संपला. भावावरून तिथे रोज भांडणं व्हायची, एकमेकींचे बापजादे निघायचे, पण ताजेपणावरून कधी शब्द वाढला नाही. कोर्टाचा निकाल वरच्या कोर्टात तरी फिरतो. मथुराचा फिरत नसे.

हा मान तिला कोणी आंदण दिलेला नव्हता. दाभोळची ही पोर सतराव्या वर्षी खाडी ओलांडून अंजनवेलला नांदायला आली आणि दुसऱ्याच महिन्यात सासूने तिच्या डोक्यावर मासळीची पाटी दिली. शृंगारतळीपर्यंत चालत जायचं, वाटेतल्या वाड्यांवर हाका मारत विकायचं, उन्हं डोक्यावर यायच्या आत पाटी रिकामी करायची. नंतर एसटी झाली, तर कंडक्टर मासेवाल्या बायकांना मागच्या बाकावर बसवायचा आणि पुढचे प्रवासी रुमाल नाकाला लावायचे. मथुराने त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. तिचं म्हणणं एकच, मासळीला मासळीचा वास यायचाच, फक्त तो समुद्राचा असावा, मेल्याचा नसावा.

शेतकऱ्यांच्या बायका तिला थांबवून विचारायच्या, ‘आजची काय गो?’ आणि ही तोंडावर सांगायची, ‘सौंदाळे आजचे. बांगडा कालचा हाय, नको घेऊस, पोरांना बाधेल.’ असं सांगणारी मासेवाली कोणी पाहिली आहे का? एकदा तर उन्हात एसटी बंद पडली, पाटीतले बांगडे उतरले, खराब झाले, तेव्हा हिने अख्खी पाटी पुलावरून खाडीत ओतली. बरोबरच्या बायकांनी कपाळाला हात लावला. घरी त्या रात्री पेज आणि सुकट. सासू बडबड बडबड बडबडली. पण गोष्ट गावोगाव झाली आणि पुढची तीस वर्षं मथुराच्या पाटीला कोणी बोट लावून बघितलं नाही.

नवरा गेला, गुडघे गेले, पाटी सुटली. मुलगा महिपत मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरवर लागला, तो महिन्यातून चार दिवस घरी. सून अक्षया मात्र हिकमती. गोपाळगड बघायला माणसं यायला लागली, दीपगृहावर जायला लागली, आणि खाली उतरून विचारायला लागली की इथे मासे कुठे मिळतील. अक्षयाने पडवीत सहा टेबलं टाकली, दारावर पाटी रंगवली, मोबाईलवर फोटो चढवले. वर्षभरात पुण्या-कोल्हापुराहून लोक आधी फोन करून यायला लागले. अक्षया ताट वाढताना हमखास सांगायची, “आमच्या सासूबाई स्वतः बंदरावर जाऊन वास घेऊन आणतात. बर्फातलं आमच्याकडे चालत नाही.” मग पाहुणे मथुराबरोबर फोटो काढायचे. मथुरा पदर डोक्यावर ओढून, नाकावर माशी बसू देणार नाही अशा रुबाबात उभी राहायची.

आणि त्या नाकाला गेली तीन वर्षं कशाचाच वास येत नव्हता.

साथीच्या दुसऱ्या लाटेत घरातले सगळेच आजारी पडले होते. वास सगळ्यांचाच गेला. अक्षयाचा पंधरा दिवसांत परत आला, महिपतचा महिन्यात आला. मथुरा रोज सकाळी चहाची पत्ती हुंगायची, सुकटीचा डबा उघडून त्यात तोंड घालायची. काही नाही. भिंत हुंगावी तसं. एक दिवस अक्षयाने सहज विचारलं, “आई, आला का हो वास?” आणि मथुरा बोलून गेली, “आला की.”

आज येईल, उद्या येईल, मग कशाला घरभर सांगा, असा विचार. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण वास काही आला नाही, आणि मूठ उघडायची हिंमत पुढे पुढे कमी होत गेली. तिला भीती वाटायची, खरीखुरी भीती. चुलीपाशी सून होती, समुद्रावर मुलगा होता. गुडघ्यांमुळे तिला ना विहिरीचं पाणी जमत होतं ना अंगणाचं सारवण. घरात तिच्या वाट्याला हे एकच काम उरलेलं. तेही गेलं तर खाटेवर बसून भिंतीकडे बघायचं, आणि कोणी विचारलं तर सुनेने सांगायचं, ‘आमच्या आई ना, आता थकल्या.’ तिला ते नको होतं.

मग तिने डोळ्यांनी काम भागवलं. कल्ला लालभडक हवा, डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, पोटावर बोट दाबलं तर खड्डा राहता कामा नये. आणि आणखी एक युक्ती होती, ती मात्र कोणाला सुचली नसती. मासा नाकाशी नेता नेता ती शेजारच्या बाईच्या तोंडाकडे बघायची. बाईची नाकपुडी हलली, ओठ जरा दुमडला, की मथुरा मासा परत टाकायची. दुसऱ्याच्या नाकाने वास घ्यायचा आणि निकाल आपल्या तोंडाने द्यायचा. तीन वर्षं असं चाललं आणि एकदाही चुकलं नाही. इतकी मोठी उचापत कोणी चांगल्या कामासाठी केली असती तर गावाने सत्कार केला असता.

एका मासळीला मात्र ती हात लावत नव्हती. मोरी. मोरी म्हणजे लहान जातीचा शार्क. तिला खवले नाहीत, आणि बंदरावर ती तुकडे करूनच येते, त्यामुळे कल्ला नाही, डोळा नाही, बघायचं काय? तिचं मांस उतरलं तरी घट्टच राहतं. उतरलेली मोरी ओळखायची खूण एकच, कल्हईवाल्याच्या नवसागरासारखा एक उग्र वास. तो नाकालाच कळतो. तेव्हा मथुराने जाहीर केलं होतं की पुण्याच्या लोकांना मोरी कळत नाही, उगीच वाया जाते. अक्षयाने मान डोलावली. संपलं.

पण मोरी ही बाळंतिणीची मासळी. अंगावरचं दूध वाढतं म्हणून कोकणात बाळंतिणीला ती आवर्जून देतात. आणि मथुराची जन्माची मैत्रीण गोदा, तिची मुलगी संस्कृती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दीड महिन्याचा मुलगा, दूध पुरत नव्हतं. गोदा रोज बंदरावर मथुराला विचारायची, “मोरी आली काय गो?” आणि मथुरा रोज सांगायची, “आली, पण बरी नाय.”

त्या शुक्रवारी आणखी एक गोष्ट जुळून आली. पुण्याहून स्वरूप नावाच्या एका गृहस्थाचा फोन आला होता. बायको आणि चार महिन्यांची मुलगी घेऊन येतोय, बायकोच्या आईने मोरी खायला सांगितलंय, मिळेल का? अक्षयाने मथुराला न विचारताच सांगून टाकलं, “मिळेल म्हणजे काय, आमच्या आई आणतील.”

रघू तांडेलाची होडी त्या दिवशी उशिरा लागली. दोन दिवस समुद्रात होती, मशीन बिघडलेलं, बर्फ संपत आलेला. खणातून त्याने मोरीचे तुकडे काढले. रघू लबाड माणूस नव्हे. तो स्वतःच म्हणाला, “वैनी, ह्यात परवाची पण हाय आणि कालची पण. खलाशांनी एकत्र केली. तूच बघ आता.”

बायका मागे सरकल्या. मथुरा वास घेते तेव्हा जरा जागा द्यायची हा तिथला रिवाज; एरवी एखादी तरी शेजारी रेंगाळायची, पण आज रघूनेच शंका काढल्यावर सगळ्या पार मागे गेल्या. आणि नेमकं तेच तिच्या अंगाशी आलं, कारण आता कोणाचं तोंड दिसेना. वारा खाडीवरून जोराचा. तिने एक तुकडा उचलला आणि नाकाशी नेला. काही नाही. बोटाने दाबला, घट्ट होता. रंग बरा वाटला. नको म्हण, मन सांगत होतं, नको म्हणून टाक आणि घरी चल.

तेवढ्यात मागून गोदा बोलली, “दोन-तीन वर्षं झाली गो मथुरे, तू मोरीला हातच लावत नायस. काय झालंय काय तुला?”

गोदाने ते चेष्टेने म्हटलं होतं. पण मथुराला वाटलं, सापडले. हिने ओळखलं. आता सगळ्या बायका वळून बघतील. तिने मान वर केली आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, “चांगली हाय. दे दोन किलो.”

गोदाने लगेच एक किलो घेतली. आणखी तिघींनी घेतली. उरलेली रघूने हसत हसत टोपलीत भरली.

घरी अक्षयाने पिशवी उघडली आणि क्षणभर थांबली. मथुरा ओट्यावर बसून तिच्याकडेच बघत होती. अक्षया काही बोलली नाही. तिने तुकडे धुतले, पुन्हा धुतले, हळद आणि कोकमाचं आगळ चोळून ठेवले आणि तिसऱ्यांदा धुतले. मथुराने विचारलं, “काय गो, एवढी कशाला धुतेस?” अक्षया म्हणाली, “काही नाही आई. पाहुण्यांसाठी आहे ना.” मग भाजलेलं खोबरं, सुक्या मिरच्या, गरम मसाला, मटणासारखं वाटण. स्वयंपाकघरात धूर झाला आणि अक्षया एकदा शिंकली. मथुराला वाटलं, वास बरा असणार, नाहीतर बोलली असती.

पाहुणे एक वाजता आले. स्वरूप उंच, बोलका, गड बघून घामाघूम झालेला. बायको श्रुती नाजूक आणि लाजाळू, मुलगी मांडीवर झोपलेली. आधी तळलेली सुरमई आली, दोघांनी कौतुक केलं, स्वरूपने फोटो काढला. मग मोरीचा रस्सा आला. अक्षयाने श्रुतीच्या वाटीत दोन तुकडे जास्त वाढले.

मथुरा दाराला टेकून उभी होती. तीन वर्षं ती लोकांची तोंडं वाचत आली होती, तशीच तिने श्रुतीच्या तोंडाकडे नजर लावली. श्रुतीने घास तोंडाजवळ नेला. नाकपुडी हलली. ओठ जरासा दुमडला.

मथुरा दारापासून सरळ झाली.

श्रुती हळू आवाजात म्हणाली, “थोडा वेगळा वास येतोय का?”

“मोरीला थोडा असतोच,” अक्षया हसून म्हणाली. “पण आमच्या आईंनी वास घेऊन आणलीय. त्यांनी घेतली म्हणजे ताजी.”

“सॉरी हं,” श्रुती ओशाळून मथुराकडे बघत म्हणाली. “बाळंतपणापासून माझं नाकच बिघडलंय. सगळ्याचाच वास येतो.” आणि तिने तो घास खाल्ला. दुसरा कालवायला घेतला.

हिचं नाक चांगलं आहे, मथुराच्या मनात आलं. ह्या घरात आज हिचंच नाक खरं बोलतंय, आणि ती मला बघून त्याला गप्प करतेय. आपण बोललो नाही तर ही सगळं संपवेल, भिडेखातर संपवेल, आणि मग तिची पोर अंगावर पिईल. बोललो तर खानावळ गेली, सुनेची चार वर्षांची मेहनत गेली, आपण तर गेलोच. तिसरा घास वाटीतून उचलला गेला, तेव्हा मथुरा पुढे झाली आणि तिने श्रुतीच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं.

जेवत्या माणसाच्या पुढचं ताट ओढायचं, यासारखा दुसरा अपमान नाही. वैऱ्यालाही कोणी असं करत नाही. स्वरूप ताडकन उभा राहिला. “हा काय प्रकार आहे? ती नुसतं म्हणाली वास येतोय!”

“येतोय,” मथुरा म्हणाली. ताटातला रस्सा तिच्या लुगड्यावर सांडत होता. “तिला येतोय तो खरा हाय. माझं नाक गेलंय, बाबा. तीन वर्षं झाली. मला कायच कळत नाय.”

अक्षया हातात भाताचं पातेलं घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ते मथुराला जास्त लागलं. ती फक्त म्हणाली, “तरी मी तीनदा धुतली, आई.”

मग मथुराला गोदाची आठवण झाली. ताट तिथेच टेबलावर ठेवून ती निघाली. चप्पल घालायचंही सुचलं नाही. गोदाचं घर वरच्या वाडीत, जांभ्या दगडाची पाखाडी चढून जायचं. ऐंशी पायऱ्या. गुडघ्यांनी एरवी त्या पाखाडीला कधीच राम राम केला होता, पण त्या दिवशी ती भिंतीला हात लावत, धापा टाकत चढली. मागून अक्षयाने बचत गटाच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता, ‘आज घेतलेली मोरी कोणी खाऊ नका. आईंना वास कळत नाही.’ पाखाडीवर दोन बायका मोबाईल हातात घेऊन दारात आल्या. मथुरा दिसल्यावर एक आत गेली आणि दुसरी नुसती बघत राहिली. चाळीस वर्षांचं नाव होतं. दोन ओळींत संपलं.

गोदाच्या घरात उशीर झाला होता. बाळंतिणीला लवकर वाढतात. संस्कृतीने अकरा वाजताच दोन वाट्या रस्सा भाताबरोबर खाल्ला होता. आता ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली होती, तोंड पांढरंफटक, तीनदा उलटी झालेली. आत बाळ रडत होतं.

रिक्षा बोलावली. मथुरा न विचारताच पुढे ड्रायव्हरशेजारी बसली आणि कोणी तिला उतर म्हणालं नाही. गुहागरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावलं, जिवाला धोका नाही, उद्या सकाळपर्यंत इथेच राहू दे म्हणून सांगितलं. अंगात थोडी ताकद येईपर्यंत बाळाला वरचं दूध द्या म्हणाले. बाळ वरचं दूध घेईना. चमचा लावला की तोंड फिरवायचं आणि टाहो फोडायचं.

दोघी मैत्रिणी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. गोदाच्या खांद्यावर बाळ. मथुराने सगळं सांगितलं, चहापत्तीच्या डब्यापासून ते बायकांच्या तोंडाकडे बघण्यापर्यंत. गोदा समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होती.

“मला वास आला होता,” गोदा म्हणाली.

“कदी?”

“बंदरावरच. पिशवीत घेताना. नवसागरासारखा भपकारा आला. पण म्हटलं, मथुराने घेतलीय. म्हणजे माझंच नाक बिघडलं असणार.” तिने बाळाला थोपटलं. “पोरीला पण आला. बोल्ली, आये, कसातरीच लागतोय. मी तिला दटावली. बोल्ले, मथुराकाकीने बघून घेतलीय, नखरे करू नको, गपचीप खा. दुसरी वाटी तर मीच पुढ्यात बसून खायला लावली.”

मथुराच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने पदराने पुसलं नाही. “सांगितलं असतं तर माझं काय उरलं असतं गो?” ती म्हणाली. “मला घरात ठेवायचं काय कारण होतं?”

“सांगायचं होतंस,” गोदा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “आमाला नाकं नव्हती काय? सगळ्यांना होती. रघूला होती, तुझ्या सुनेला होती. तू सांगितलं असतंस तर आमी आपापली वापरली असती.”

आत नर्सने काहीतरी विचारलं, संस्कृतीने क्षीण आवाजात उत्तर दिलं. बाळ पुन्हा रडायला लागलं. ह्या बाळाची आई जन्मली तेव्हा तिला पहिलं न्हाऊ मथुराने घातलं होतं. गोदाची चारही पोरं तिच्याच मांडीवर वाढली. सवयीने तिने दोन्ही हात पुढे केले. “आण इकडे. मी फिरवते त्याला जरा. तू दमलीस.”

गोदाने तिच्या हातांकडे बघितलं. मग बाळाला खांद्यावर नीट घेतलं, उठली आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, पाठ करून, त्याला झुलवत उभी राहिली.